आजची कला, उद्याचे वारस

इटलीतील मिलान शहरात सांता मारिया देल्ले ग्रात्सिए नावाचा डॉमिनिकन मठ आहे. त्या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दो दा विंचीने १४९५ ते १४९८ या काळात ‘शेवटचे भोजन’ हे चित्र रंगविले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जेवणाच्या खोलीत त्या चित्राची प्रतिकृती टांगलेली असते. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेले ते चित्र आपल्याला अढळ, जणू अनादी वाटते. परंतु ज्या दिवशी त्या भिंतीवर कुंचल्याचा अखेरचा हात फिरला, त्या दिवशी ते चित्र ‘समकालीन कला’च होते, इतकेच नव्हे, तर एक धाडसी प्रयोग होते. ओल्या गिलाव्यावर, तो वाळण्यापूर्वी झपाट्याने रंगकाम उरकायचे, ही भित्तिचित्रांची इटलीतील रूढ पद्धत होती. लिओनार्दोच्या संथ, पुनःपुन्हा विचार करणाऱ्या वृत्तीला ती मानवणारी नव्हती. म्हणून त्याने कोरड्या गिलाव्यावर तैल आणि टेम्परा रंगांनी काम केले. परिणाम असा झाला, की वीस वर्षे उलटतात न उलटतात तोच रंगाचे पापुद्रे सुटू लागले. १५६६ साली ते चित्र पाहणाऱ्या जॉर्जो वासारी या कलेतिहासकाराला त्यात डागांच्या गर्दीखेरीज फारसे काही दिसले नाही. पुढे १६५२ मध्ये त्याच भिंतीतून दार काढण्यात आले आणि त्यात प्रभू येशूच्या पावलांचा भाग कायमचा नाहीसा झाला. ऑगस्ट १९४३ मधील बॉम्बवर्षावात भोजनगृहाचे छप्पर आणि एक बाजू कोसळली. वाळूच्या पोत्यांच्या आधाराने चित्राची भिंत मात्र उभी राहिली. १९७८ ते १९९९ या प्रदीर्घ काळात पिनिन ब्राम्बिला बार्चिलोन या विदुषीने या चित्रावर केलेले जतनकार्य हा कलेच्या इतिहासातील एक स्वतंत्र अध्याय आहे.

हा वृत्तांत आरंभीच सांगण्याचे प्रयोजन असे, की आपल्या काळातील कला पुढच्या पिढीच्या हाती कशी सुपूर्द करावी, हा प्रश्न आजचा नाही. प्रत्येक युगातील प्रयोगशील कलावंताने तो आपल्या वारसांपुढे ठेवला आहे. मात्र विसाव्या शतकापासून या प्रश्नाचे स्वरूप पालटले आणि त्याची निकडही वाढली. हे का घडले, कसे घडले आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा या लेखात थोडक्यात मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

नवी द्रव्ये, अल्प आयुष्य

दगड, काष्ठ, कांस्य, कापडावरचे तैलरंग ही शतकानुशतके पारखलेली द्रव्ये होती. कोणता रंग कशात कालवावा, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी टिकत नाही, याचे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे कार्यशाळेतच जात असे. विसाव्या शतकातील कलावंताने कार्यशाळेचा उंबरठा ओलांडला आणि तो कारखान्याच्या बाजारपेठेत शिरला. घरांना द्यावयाचे रंग, छपाईची शाई, प्लॅस्टिक, रबर, विजेच्या नळ्या, दूरचित्रवाणी संच अशी जी जी नवी वस्तू निघाली, तिच्यातून त्याने आपल्या काळाला बोलते केले. यात त्याचा दोष मुळीच नाही. आपल्या काळाची कला आपल्या काळाच्या द्रव्यातूनच जन्मावी, हे स्वाभाविकच होय. परंतु ती द्रव्ये पन्नास वर्षांनी कशी वागतील, हे सांगणारा कोणी गुरू त्याला लाभला नव्हता.

नाउम गाबो (१८९०-१९७७) या रशियात जन्मलेल्या शिल्पकाराने सेल्युलोजपासून बनविलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून अत्यंत तलम शिल्पे घडविली. ते प्लॅस्टिक कालांतराने स्वतःच आम्लयुक्त वाफा सोडू लागते, आणि धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून शिल्प काचेच्या बंद पेटीत ठेवले, तर त्याच वाफा कोंडून त्याचा ऱ्हास अधिक वेगाने होतो. गाबोची काही शिल्पे आज वाकड्या, पिवळट तुकड्यांच्या रूपातच उरली आहेत. सेल्युलोजच्या प्लॅस्टिकचा हा स्वभाव महाराष्ट्रानेही अनुभवला आहे. जुन्या चित्रपटांची फीत याच कुळातील. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला आग लागली आणि तेथे साठविलेल्या अनेक जुन्या भारतीय चित्रपटांच्या नायट्रेट प्रती भस्मसात झाल्या.

दक्षिण कोरियातील ग्वाचॉन येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात नाम जून पाइक या कलावंताने १९८८ साली १,००३ दूरचित्रवाणी संचांचा एक उत्तुंग मनोरा उभारला. ही संख्या ३ ऑक्टोबर या कोरियाच्या राष्ट्रीय दिनाची खूण होती. २००६ मध्ये पाइकचे निधन झाले. जुन्या काचनळ्यांच्या संचांचे उत्पादन जगभर थांबले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि २०१८ साली सुरक्षिततेसाठी तो मनोरा बंद करावा लागला. शक्य तेवढे जुने संच दुरुस्त करून आणि उरलेल्यांच्या जागी सपाट पडद्यांचे नवे संच बसवून २०२२ साली तो पुन्हा उजळला. परंतु दिवसातील मोजक्याच तासांसाठी. कारण तो जितका चालेल तितके त्याचे आयुष्य घटणार आहे.

डेमियन हर्स्ट या इंग्रज कलावंताने १९९१ साली औषधी द्रवाने भरलेल्या काचपेटीत एक खराखुरा शार्क मासा ठेवून ती कलाकृती म्हणून मांडली. मासा कुजू लागला, द्रव गढुळला, आणि अखेर २००६ मध्ये दुसरा मासा आणून पेटीत ठेवण्यात आला. आता प्रश्न असा, की पेटीतील मासा बदलल्यावर कलाकृती तीच राहिली काय? कल्पना हेच कलाकृतीचे खरे शरीर असेल, तर उत्तर होकारार्थी द्यावे लागेल. पण मग लिओनार्दोच्या भिंतीवर एखाद्या कुशल चित्रकाराने नवे चित्र काढले असते, तर तेही आपण तसेच स्वीकारले असते काय? जतन म्हणजे द्रव्य सांभाळणे की आशय सांभाळणे, ही या साऱ्या चर्चेतील मूळ गाठ आहे. ती उकलण्यासाठी एकाच चित्रकाराच्या दोन दालनांची कथा आपण जरा विस्ताराने पाहू.

हार्वर्डचे भोजनगृह

मार्क रॉथको हा १९०३ साली रशियन साम्राज्यातील द्विन्स्क (आजच्या लाटव्हियातील दौगावपिल्स) येथे ज्यू कुटुंबात जन्मला आणि बालपणीच अमेरिकेत आला. माणसे, झाडे, घरे यांची चित्रे मागे टाकून तो पुढे केवळ रंगांच्या विशाल, तरल पटलांवर स्थिरावला. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याने हार्वर्ड विद्यापीठाच्या होलिओक सेंटर या इमारतीतील सर्वांत वरच्या मजल्यावरच्या भोजनगृहासाठी गडद किरमिजी रंगाची सहा भव्य चित्रे रंगविली. त्यांपैकी पाच चित्रे १९६४ मध्ये तेथे लावण्यात आली.

लिओनार्दोप्रमाणेच येथेही स्थळ भोजनगृहाचे होते, आणि येथेही चित्राचा शत्रू चित्राच्या द्रव्यातच दडला होता. किरमिजी छटेसाठी रॉथकोने ‘लिथॉल रेड’ हे कृत्रिम तांबडे रंगद्रव्य निळ्या रंगात मिसळले होते. हे द्रव्य मुख्यतः छपाईच्या शाईत वापरले जाई. दिसायला तेजस्वी, पण उन्हापुढे दुबळे. त्या भोजनगृहाला मोठमोठ्या खिडक्या होत्या. पडदे ओढलेले असावेत, अशी चित्रकाराची अपेक्षा होती. पण उंचावरून दिसणारे शहराचे दृश्य मोहक असल्यामुळे ते उघडले जात राहिले. जेवणावळी झडल्या, समारंभ झाले, चित्रांवर डाग आणि ओरखडे पडले. पंधरा वर्षांत तांबडा रंग विरत गेला आणि मागे निळसर फिकट छटा उरली. १९७९ मध्ये ती चित्रे उतरवून अंधाऱ्या कोठारात ठेवण्यात आली.

त्यांवर पुन्हा रंग चढवावा, असे कोणालाही सहज सुचेल. जतनतज्ज्ञांनी त्यास ठाम नकार दिला, आणि त्यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. रॉथकोने या चित्रांवर वार्निश दिले नव्हते. त्यांचा पृष्ठभाग शोषून घेणारा होता. त्यावर दिलेला नवा रंग मूळ रंगात मुरून गेला असता आणि पुढे कधीही वेगळा करता आला नसता. जे केले ते पुढच्या पिढीला पुसता आले पाहिजे, हा आधुनिक जतनशास्त्राचा पहिला दंडक आहे. आपले ज्ञान अपुरे असू शकते, उद्याच्या माणसाला अधिक कळू शकते, ही विनम्रता त्या दंडकात सामावलेली आहे.

उपाय निघायला पस्तीस वर्षे लागली. चित्रे मुळात कशी दिसत होती, हे ठरविण्यासाठी १९६४ साली काढलेल्या रंगीत स्लाइड्स शोधण्यात आल्या. पाहतो तो त्या स्लाइड्सचेही रंग उडालेले! साक्षीदारच स्मृतिभ्रष्ट व्हावा, तसा हा प्रकार. सुदैवाने न लावलेले सहावे चित्र बरेचसे मूळ रूपात शिल्लक होते. त्याच्याशी ताडून पाहून संगणकाच्या साहाय्याने स्लाइड्सचे रंग आधी परत मिळविण्यात आले. त्यानंतर मूळ रंग आणि उरलेला रंग यांतील फरक चित्राच्या कणाकणासाठी मोजण्यात आला, आणि तेवढाच रंगीत प्रकाश प्रोजेक्टरमधून चित्रावर टाकण्याची योजना झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये भरलेल्या प्रदर्शनात प्रेक्षकांनी ती पाच चित्रे किरमिजी तेजात पाहिली. कापडाला रंगाचा एक थेंबही लागला नव्हता. दररोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद केले जात, आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो किरमिजी रंग मावळून खरी, फिकट चित्रे उघडी पडत.

दुपारच्या या चार वाजताच्या क्षणाला आम्ही फार मोल देतो. संग्रहालयाला हवे असते, तर दिवसभर प्रकाशाचा देखावा चालू ठेवून त्याला आपली प्रौढी मिरविता आली असती. त्याऐवजी त्याने नुकसान उघडपणे दाखविले. आशयाचे स्मरण प्रकाशातून घडविले आणि द्रव्याचे सत्य अंधारात लपविले नाही.

ह्यूस्टनचे चॅपेल

दुसरे दालन टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात आहे. फ्रान्सहून येऊन तेथे स्थायिक झालेल्या जॉन आणि डोमिनिक द मेनिल या कॅथोलिक दांपत्याने १९६४ साली रॉथकोकडे एका चॅपेलसाठी चित्रे मागितली. आपल्या काळातील थोर कलावंतांना, मग ते कोणत्याही श्रद्धेचे असोत, उपासनास्थळी काम करू द्यावे, असा आग्रह फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरू फादर मारी-आलँ कुतुरिए (१८९७-१९५४) यांनी हयातभर धरला होता. मेनिल दांपत्यावर त्यांच्या विचारांचा प्रभाव होता. आरंभी एका कॅथोलिक विद्यापीठासाठी कल्पिलेली ही वास्तू पुढे सर्व धर्मांच्या माणसांसाठी खुली झाली. अष्टकोनी दालन, भोवती गडद जांभळट आणि काळ्या रंगांची चौदा चित्रे, बसायला साधी बाके आणि वरून उतरणारा दिवसाचा उजेड, इतकाच काय तो तिचा संभार.

चित्रे न्यूयॉर्कच्या चित्रशाळेत रंगविली गेली. तेथे छतातील झरोक्याखाली रॉथकोने एक हवाई छत्री टांगली होती. तिच्यातून गाळून येणाऱ्या मंद उजेडातच त्याने आपले रंग जुळविले. चॅपेललाही तसाच झरोका असावा, असा त्याचा आग्रह होता. परंतु टेक्सासचे ऊन न्यूयॉर्कच्या उन्हाहून कितीतरी प्रखर! रॉथकोला ते कधी उमगलेच नाही; कारण त्याने ते चॅपेल पाहिलेच नाही. २५ फेब्रुवारी १९७० रोजी त्याने न्यूयॉर्कमध्ये आपले जीवन संपविले आणि पुढच्या वर्षी, २७ फेब्रुवारी १९७१ रोजी, चॅपेल खुले झाले. थोड्याच काळात लक्षात आले, की झरोक्यातून कोसळणारे ऊन चित्रांना मारक आहे आणि पाहणाऱ्याचे डोळेही दिपवीत आहे. कापड ताणून पाहिले, आडोसे टांगून पाहिले. त्या आडोशांनी चित्रे वाचली, पण चित्रकाराला अभिप्रेत असलेला उजेड हरपला. अखेर २०१९-२० मध्ये छतातील झरोका नव्याने घडविण्यात आला आणि उजेड पुष्कळसा सौम्य, समतोल झाला. तरीही जुलै २०२४ मधील बेरिल चक्रीवादळात छतातून पाणी शिरले, तीन चित्रांना इजा पोहोचली आणि चॅपेल काही महिने बंद ठेवावे लागले. जतन हे एकदा करून हातावेगळे करण्याचे काम नव्हे, हेच यातून दिसते.

या चित्रांची आणखी एक व्याधी होती. काळ्या रंगाच्या भागांवर कालांतराने पांढुरकी झाक उमटू लागली. उपचार करावा, तर रंगात नेमके काय आहे ते ठाऊक हवे. चित्रकार तर हयात नव्हता. ‘मेनिल कलेक्शन’ या संग्रहालयातील जतनतज्ज्ञ कॅरल मंकूसी-उंगारो यांनी रॉथकोच्या तत्कालीन मदतनिसांना गाठले आणि त्यांच्या आठवणींतून त्या रंगाची कृती उलगडली. तैलरंग, अंडी, राळ आणि टर्पेंटाइन यांचे ते मिश्रण होते. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही नळीवर हे लिहिलेले नव्हते. ते केवळ त्या चित्रशाळेत राबलेल्या माणसांच्या स्मृतीत होते. ती माणसेही काळाच्या पडद्याआड गेली असती, तर हे ज्ञान सहजी हाती लागले नसते.

कर्त्याला विचारावे

या अनुभवातून मंकूसी-उंगारो यांनी जो बोध घेतला, तो आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा आहे. कलावंत गेल्यावर त्याच्या चित्रांची चौकशी करण्यापेक्षा तो हयात असतानाच त्याला विचारावे! १९९० साली त्यांनी कलावंतांच्या मुलाखतींचा एक उपक्रम सुरू केला. कलावंताला त्याच्याच जुन्या कृतीसमोर उभे करायचे आणि विचारायचे: हे कशाने बनविले? हा तडा आपल्याला चालेल काय? रंग पिवळा पडला तर तो तसाच ठेवावा की बदलावा? हा भाग निकामी झाला तर नवा बसविण्यास आपली संमती आहे काय? उत्तरे चित्रफितीवर नोंदविली जात. पुढे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने, तसेच युरोपातील संस्थांनीही याच दिशेने प्रश्नावल्या आणि नोंदींच्या पद्धती विकसित केल्या.

अशा विचारपुशीतून सगळ्यांची उत्तरे एकसारखी निघत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. कोणी म्हणेल, माझी प्रत्येक रेघ सांभाळा. कोणी म्हणेल, वस्तू गेली तरी चालेल, कल्पना राहू द्या. ईव्हा हेस ही शिल्पकर्ती रबराच्या चिकासारख्या नाशवंत द्रव्यातून काम करीत असे. ते द्रव्य टिकणारे नाही याची तिला जाणीव होती, आणि त्याविषयी तिच्या मनात द्वंद्वही होते. १९७० मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ती निवर्तली. तिचे ‘एक्स्पांडेड एक्स्पान्शन’ हे १९६९ चे शिल्प ठिसूळ झाल्याने दीर्घकाळ कोठारात होते. ते आता मूळच्या लवचीक, दुधाळ रूपात कधीच दिसणार नाही. तरीही तज्ज्ञांच्या दीर्घ परिश्रमांनंतर २०२२ मध्ये ते काळवंडलेल्या, वार्धक्य आलेल्या रूपातच पुन्हा लोकांसमोर मांडण्यात आले. वार्धक्य हेही त्या कृतीचे एक सत्य आहे, असा तो निर्णय होता.

आपल्या मुंबईतील एक उदाहरण याहून वेगळे आहे. नलिनी मलानी यांनी १९९२ साली केमोल्ड कलादालनाच्या भिंतींवर थेट चित्रे रेखाटली. प्रदर्शन संपताच ती पुसून टाकावयाची, असे आधीच ठरलेले होते. राजस्थानातील नाथद्वारा येथील जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नष्ट होत होती. त्या उपेक्षेकडे बोट दाखविण्यासाठी त्यांनी स्वतःचे चित्र मिटविण्याचा मार्ग पत्करला. त्याची चित्रफीत मात्र राहिली. अशा कृतीला बळाने टिकविणे हा कलावंताच्या हेतूचा भंगच ठरला असता. जे विसर्जित करण्यासाठी निर्मिले, ते विसर्जित होऊ द्यावे. त्याचा वृत्तांत तेवढा जपून ठेवावा.

आपल्या अंगणात

आता आपल्या देशाकडे वळू. येथील हवेचा विचार प्रथम केला पाहिजे. कागदावरील चित्राला पन्नास लक्सहून अधिक प्रखर प्रकाश नको, हवेतील आर्द्रता मध्यम आणि स्थिर हवी, असा संग्रहालयांचा संकेत आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्याही वर जाते. बुरशी, कसर आणि वाळवी यांना ते आमंत्रणच असते.

गोव्यातील साळगाव येथे जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४-२००२) हे १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे एक प्रवर्तक. कॅथोलिक घरात वाढलेल्या या चित्रकाराने क्रूसारोहण आणि संत यांची चित्रे एका अस्वस्थ, प्रखर शैलीत रंगविली. पुढे त्यांनी नियतकालिकांच्या गुळगुळीत छापील पानांवरील शाई रसायनाने विरघळवून त्यांवर चित्रे काढण्याची रीत अवलंबिली. कल्पकतेच्या दृष्टीने हा प्रयोग विलक्षणच. पण जतनतज्ज्ञापुढे तो तिहेरी कोडे टाकतो. कागद बाजारी, शाई छापखान्याची आणि वर रसायनाची क्रिया! कोणत्या पानावर कोणते द्रावण वापरले, हे अचूक सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो २००२ साली गेला.

आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांची कहाणी वेगळी आणि दिलासा देणारी आहे. गोव्यातील सांतो इस्तेव्हाव येथे जन्मलेल्या या चित्रकाराने अवनींद्रनाथ टागोरांकडे शिक्षण घेतले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आपले बरेचसे कार्य केले. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली, पवित्र कुटुंबाला भारतीय अंगणात बसविले. आज हे आपल्याला सहज वाटते. त्या काळी मात्र त्यांच्या जन्मभूमीत यावर रोष झाला. त्यांची बरीचशी चित्रे जलरंगातील, कागदावरची, म्हणजे अत्यंत नाजूक. फोन्सेका यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने ती दीर्घकाळ जपली, आणि आज त्यांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत आहे. ज्या काळी त्या चित्रांना फारशी मागणी नव्हती, त्या काळी एका घराने त्यांची राखण केली. संग्रहालयाची पाळी नंतर आली.

याउलट शासनाच्या हाती असलेली कृतीही सुरक्षित असतेच, असे नाही. अमरनाथ सहगल या शिल्पकारांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडविलेले भव्य कांस्यशिल्प १९७९ मध्ये, त्यांना न विचारता, भिंतीवरून काढून गोदामात टाकण्यात आले. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कृती विकली गेली, तरी तिच्या अखंडत्वावरील कलावंताचा नैतिक अधिकार संपत नाही, हे तत्त्व या निकालाने भारतात दृढ झाले. पण निकाल हाती आला तोवर पाव शतक लोटले होते आणि शिल्प भग्न झाले होते. हार्वर्डची चित्रे उतरली तेही १९७९ सालीच, हा केवळ योगायोग. पण तेथे कोठार हे रुग्णालय ठरले आणि येथे ते स्मशान ठरले, हा भेद मात्र योगायोगाचा नव्हे.

तेव्हा या दीर्घ वृत्तांताचे सार काय? कलाकृती प्रथम मरते ती ऊन, पाणी किंवा वाळवीमुळे नव्हे, तर तिच्याविषयीचे ज्ञान हरविल्यामुळे. कोणी केली, कशाने केली, कोणत्या उजेडात पाहावी म्हणून केली, हे ठाऊक असेल, तर फिकटलेल्या चित्रालाही पुन्हा बोलते करता येते. ते ठाऊक नसेल, तर सुस्थितीतील वस्तूही अडगळ ठरते. हे ज्ञान जमविण्याची वेळ एकच असते, आणि ती म्हणजे कर्ता हयात असतानाची.

आपल्या धर्मग्रामांत गेल्या काही दशकांत कितीतरी नवनिर्मिती झाली आहे. कोणी वेदीमागील भिंत रंगविली, कोणी क्रूसाच्या वाटेचे चौदा टप्पे फायबरमध्ये घडविले, कोणी लाकडात मरियामाता कोरली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात समकालीन आणि सर्व देशांच्या कलेला चर्चमध्ये मोकळा वाव दिला, आणि त्याच संविधानात उपासनास्थळांतील मोलाच्या कृती विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत, अशी जबाबदारीही सोपविली. पहिला भाग आपण उत्साहाने अंगीकारला. दुसरा बहुधा वाचायचा राहून गेला. सणाच्या आदल्या आठवड्यात एखाद्या जुन्या मूर्तीवर चकचकीत एनॅमल रंगाचा हात मारला जातो, तेव्हा त्यामागील भक्ती निर्मळ असते, पण खालचा मूळ रंग कायमचा गाडला जातो. कॅसेटवर नोंदविलेली गीते आणि नाटके कपाटात पडून राहतात, आणि ती वाजविणारे यंत्रच घरातून गेलेले असते.

यासाठी मोठे संग्रहालय किंवा मोठा निधी लागत नाही. एक वही पुरेशी आहे. चर्चमधील आणि घरातील प्रत्येक कृतीसमोर तिच्या कर्त्याला, तो नसेल तर त्याच्या मुलांना, सोबत्यांना, त्या काळच्या सुताराला वा रंगाऱ्याला उभे करावे आणि विचारावे: नाव काय, साल कोणते, लाकूड कोणते, रंग कोणता, कोणाच्या सांगण्यावरून केले आणि पुढे बिघडले तर आपली इच्छा काय? उत्तरे तारखेसह लिहावीत, छायाचित्र जोडावे आणि वहीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी. ह्यूस्टनच्या काळ्या चित्रांना जो आधार मिळाला, तो अशाच साध्या प्रश्नांतून मिळाला. आपल्याकडे ज्यांना हे प्रश्न विचारायचे आहेत, त्यांपैकी कित्येक वयोवृद्ध माणसे अजून दर रविवारी मिस्साला येतात.